‘जगातला पहिला रोलर कोस्टर १८८४ चा’ हे कुणी ठरवलं?

कोरेगावकर: विश्रामबागकरांनी काल लिहिलं की रोलर कोस्टरचा जन्म १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर झाला, लामार्कस थॉम्पसन त्याचा जनक, आणि ‘पहिला, सर्वांत जुना, सर्वांत उंच’ असे फलक पार्कवाले उगाच लावत नाहीत. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

थॉम्पसनची गाडी ताशी जेमतेम दहा किलोमीटर वेगानं जायची. सहाशे फूट रूळ. टोकाला पोचलं की माणसं उतरायची, गाडी ढकलून दुसऱ्या मनोऱ्यावर चढवायची, मग पुन्हा बसायचं. त्याच्या कितीतरी आधी पेनसिल्व्हेनियात माउच चंकला कोळसा उतरवायच्या रुळावर लोक पैसे देऊन हौसेनं बसत होते, आणि तो रूळ १८२७ चा. पॅरिसमध्ये १८१७ साली रुळात अडकवलेल्या चाकांच्या गाड्या धावत होत्या. त्याही आधी रशियात सेंट पीटर्सबर्गला लाकडी सांगाड्यावर बर्फ गोठवून त्यावरनं घसरायचे. फ्रेंच आणि स्पॅनिश माणूस आजही या खेळाला ‘रशियन डोंगर’ म्हणतो. आणि रशियन काय म्हणतो? ‘अमेरिकन टेकड्या’!

फलकांचं तर बोलायलाच नको. अमेरिकेतल्या आल्टूनाचा लीप-द-डिप्स १९०२ चा, म्हणून सर्वांत जुना. पण तो १९८५ ते १९९९ बंद होता. मेलबर्नचा १९१२ चा, पण बंद न पडता चालत आलेला, म्हणून तोही सर्वांत जुना. एक उभा असलेल्यांत जुना, एक चालत आलेल्यांत जुना. अमेरिकेतल्याच सीडर पॉइंट पार्कचा मॅग्नम १९८९ चा, दोनशे फुटांवर जाणारा पहिला म्हणे. जपानच्या फुजी-क्यू पार्कमध्ये १९८३ सालीच एक दोनशेच्या वर गेला होता! मग म्हणतात, तो पुढे जाऊन मागे यायचा, पूर्ण फेरीचा नव्हता. म्हणजे विशेषण लावत जा आणि पहिला होत जा.

विश्रामबागकर: माहिती चांगली आहे, पण मुद्दा चुकतोय. बर्फावरनं घसरणं आणि यंत्र यात फरक आहे की नाही? लहानपणी आम्ही टेकडीवरनं खताच्या पोत्यावर बसून घसरायचो, ते काय रोलर कोस्टर होतं? पॅरिसचे ते खेळ मिटले. थॉम्पसननं १८८५ साली पेटंट घेतलं आणि गावोगाव तशा गाड्या उभ्या केल्या. ज्याच्यापासून पुढची वंशावळ चालू होते तो पहिला. आपल्या सांगलीचंच बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक केलं. आधी सोंगं, दशावतार, लळित नव्हतं का? होतं. पण पहिलं तेच.

मिरजेचा फिटर: वंशावळीचंच बोलायचं तर १९१९ चं जॉन मिलरचं पेटंट घ्या. रुळाच्या खालून धरणारं चाक त्याचं. ते नसतं तर डबा उडून गेला असता आणि आजचे उंच उतार झालेच नसते. आता डोकं खाली करणाऱ्या गोल फेऱ्याचं. १८९५ ला कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप केला, तो चोख वर्तुळाकार. सरळ रुळावरनं एकदम वर्तुळात शिरलं की मानेला हिसका बसतो, लोकांच्या माना आखडायच्या. १९७६ ला श्वार्ट्सकॉफ आणि श्टेंगेल या जर्मन मंडळींनी फेरा थेंबाच्या आकाराचा केला, खाली त्रिज्या मोठी, वर लहान. वळण हळूहळू आवळत जातं. चोवीस वर्षं लेथवर काढलीत, त्रिज्या बदलणं काय असतं ते मला विचारा. पण फलकावर नाव पार्कचं. करणाऱ्याचं नाव कुठंच नसतं, इथंही आणि तिथंही.

तासगावची आई: तुमचा पहिला-दुसरा राहू द्या. आम्ही एका पार्कात माणशी पूर्ण तिकीट काढून गेलो. मुलगा उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला. नियम बरोबर आहे, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. पण तिकीट घेतानाच पट्टी का नाही लावली? दोन तास रांगेत उभं करून मग ‘बाजूला व्हा’. पोरगं परत येताना पेठनाक्यापर्यंत रडत होतं.

कोरेगावकर: ताई, खरं आहे तुमचं. पण विश्रामबागकर, भाव्यांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. तंजावरचे शहाजीराजे, व्यंकोजीराजांचे पुत्र, कारकीर्द १६८४ ते १७१२. त्यांची मराठी नाटकं आहेत. १८४३ च्या दीडशे वर्षं आधीची. ती पुसून टाकायची का?

गावभाग: हे ऐकून घेणार नाही. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन साऱ्या महाराष्ट्राचा आहे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आश्रय दिला, भाव्यांनी खेळ पुढं गावोगाव नेला. तुम्हा कोरेगावच्या सातारकरांना सांगलीचं नाट्यपंढरी हे नाव सोसत नाही, हे जुनंच दुखणं आहे.

कोरेगावकर: दुखणं कसलं? १९६० पर्यंत तुमचा जिल्हा दक्षिण सातारा म्हणूनच होता.

गावभाग: १९४८ पर्यंत सांगली संस्थान होतं साहेब, कुणाचं दक्षिण नव्हतं! माझे आजोबा भाव्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात पडदे ओढायचे. तंजावरचं नाटक बघितलेलं एक घर दाखवा या भागात.

माणदेशी: भांडणाचं मूळ रोलर कोस्टर होतं ना? आमच्या म्हसवडच्या रथाला पूर्वी लाकडी पाळणा यायचा. चार गडी दांड्यावर पाय देऊन फिरवायचे. माझा बाप त्यातला एक. पाळणा वर थांबला की सगळा माण दिसायचा. त्याला कुणी पहिला म्हटलं नाही, पण मला तोच पहिला.

मिरजेचा फिटर: ‘करणाऱ्याचं नाव नसतं’ म्हणालो ते हेच.

विश्रामबागकर: कोरेगावकरांचा मॅग्नमचा मुद्दा मान्य करावा लागतो, मला तो माहीत नव्हता. पॅरिसचंही अर्धं मान्य, चाकं रुळात अडकवलेली होती म्हटल्यावर नुसती घसरगुंडी म्हणता येत नाही. ‘जगातला पहिला’ काढून ‘कोनी आयलंडवरचा १८८४ चा’ असं करतो. १८४३ ला मात्र हात लावणार नाही.

कोरेगावकर: लावू नका. त्याच्यापुढं ‘व्यावसायिक’ एवढा शब्द घाला, मी गप्प बसतो.

गावभाग: एक अक्षर घालणार नाही.