मदत हवी आहे: अवकाशातल्या डावात पाण्याचा करार कुणीच पाळत नाही

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून रात्री जागून एक स्ट्रॅटेजी गेम बनवतोय. टर्नवर चालणारा, पाच जणांचा, गोडो इंजिनमध्ये. लढाई त्यात जवळजवळ नाही. पाणी, मजूर आणि परिषदेतली मतं यांच्यावरच सगळा डाव. कोडची अडचण नाही, चित्रंही जमली आहेत. राजकारण आणि अर्थकारण एकमेकांत बसत नाहीत, तिथे घोडं अडलंय. गेम डिझाइन, बोर्डगेम, अर्थशास्त्र, सिंचन, यातलं काहीही कळणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

आधी मांडणी सांगतो. लघुग्रहांच्या पट्ट्यातले सेरेस आणि हायजिया हे दोन खेळाडू वरचे, त्यांच्याकडे बर्फ भरपूर. मंगळ मधला. चंद्र आणि शुक्राभोवतीची स्थानकं खालची. मंगळावरही बर्फ आहे हे मला माहीत आहे. पण मंगळाची ओढ तोडायला सेकंदाला ५ किलोमीटर वेग लागतो आणि सेरेसची तोडायला जेमतेम अर्धा किलोमीटर. म्हणून मंगळाचं पाणी स्वतःपुरतं आणि विकायचं पाणी पट्ट्याचं. त्यात पुन्हा पाणी फोडूनच हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतो, म्हणजे जहाजाचं इंधनही तेच. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिचं इंजिन वाघिणीतलं पाणी पीत नव्हतं. माझं टँकर-जहाज पितं. सेरेसहून १०० टाक्या निघाल्या की चंद्रावर ६० उतरतात.

डोक्यात जायकवाडी आहे हे एव्हाना ओळखलं असेल. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे २०१४ सालच्या आदेशातलं समन्यायी वाटपाचं सूत्र मी जवळजवळ तसंच घेतलं. पृथ्वी-मंगळ प्रवासाची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते, म्हणून दर २६व्या टर्नला मोजणी. साठा, मृतसाठा, येवा (आत येणारं पाणी), विसर्ग (सोडलेलं पाणी) हे शब्दही तेच ठेवले. मृतसाठ्याच्या खाली गेलात की कारखाने बंद, फक्त पिण्यापुरतं.

कागदावर नियम सुरेख दिसत होता. आम्ही नऊ डाव खेळलो आणि वरच्या खेळाडूंनी प्रत्येक डावात तो मोडला, तोही नियमात राहून. २४व्या आणि २५व्या टर्नला ते धडाधड जहाजं बांधायला घेतात आणि सगळं पाणी इंधन करून त्यांत भरतात. मोजणीच्या दिवशी वरच्या टाक्या रिकाम्या, सोडायचं काय? २७व्या टर्नला तीच जहाजं मोडीत काढून पाणी परत टाकीत. अंबाजोगाईचा माझा चुलतभाऊ चंद्र खेळत होता. तिसऱ्या मोजणीनंतर तो म्हणाला, "दादा, ह्याच्यात मी कामून खेळू? माझ्या हातात हाय तरी काय?" आणि उठून गेला. त्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हरणारा खेळाडू उठला तर त्यात काही नवं नाही, पण ज्याच्या हातात काहीच नाही असा खेळाडू मी पटावर बसवला असेल तर चूक माझी आहे.

मग दंड लावून पाहिला. पाणी सोडलं नाही तर परिषदेला इतके पैसे. वरच्यांनी दंडाची रक्कम आधीच हिशेबात धरली, भरली आणि पाणी ठेवून घेतलं. दंडाचा भाव झाला. मग विसर्ग आपोआप होईल असं केलं. तेव्हा पाणी आलं खरं, पण कुणी कुणाशी बोलेना. करार करावा, मोडावा, मनवावं, असं काही उरलंच नाही, वरच्यांना तो नुसता कर वाटला.

मतांचंही तसंच. प्रत्येक वसाहतीला एक मत दिलं, तर सेरेसवाल्याने दोन-दोन माणसांच्या नऊ वसाहती उघडल्या. लोकसंख्येवर मत दिलं, तर चंद्र आणि शुक्र मिळून दरवेळी जिंकायला लागले आणि हायजियावाला वैतागला. स्टेलारिसमध्ये २०२० साली आकाशगंगेची परिषद आली, ती मी बरीच खेळलो आहे. तिथे मताचं वजन लोकसंख्या, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान आणि आरमार यांवरून ठरतं. त्या गेमला ते शोभतं, पण त्यात बलवान असेल त्याचंच मत जड होतं. मला परिषद हवी आहे ती बरोबर याच्या उलट कामासाठी.

आता दुसरी गाठ, आणि माझ्या मते खरी गाठ हीच आहे.

आमचं गाव केज तालुक्यात. आई-वडील अकरा हंगाम ऊसतोडीला गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. हे मला कुठे वाचावं लागलं नाही. दिवाळी सरली की आमच्या आळीत कुलपं आणि म्हातारी माणसं राहायची. गेममध्ये बर्फ खणायला माणसं लागतात आणि माणसं आहेत खाली, चंद्रावर. म्हणून मी तीच रीत ठेवली. सेरेसवाला मुकादमामार्फत उचल देतो (मुकादम गेमच चालवतो), जोड्या वर जातात, खणलेल्या टनांवर उचल फिटते, उरलेली बाकी पुढच्या खेपेला चढते.

सेरेस खेळणाऱ्या मित्राने चौथ्या डावात टनाचा दर असा बेतला की बाकी कधीच फिटू नये. वीसेक जोड्या कायमच्या त्याच्या झाल्या, नव्याने उचल द्यायचा खर्चच संपला. त्याने लबाडी केली नाही, आकडे बघून सगळ्यात फायद्याची चाल खेळला आणि गेमने त्याला जिंकवलं. मी शेजारी बसलो होतो. मला ते बघवलं नाही. त्या जोड्यांच्या चौकोनावर मीच दोन माणसांचं चित्र काढलंय.

'बदनामीचे गुण' लावावेत असं दोघांनी सुचवलं. तेही दंडासारखंच होईल, ठरलेली किंमत मोजून लोक पुढे जातील. मला खेळाडूला उपदेश करायचा नाही. ही चाल खेळता यावी, पण ती उलटण्याची वाटही समोरच्याच्या हातात असावी, एवढंच हवंय.

मागच्या आठवड्यात मध्यरात्री लक्षात आलं की या दोन गाठी वेगळ्या नाहीत. चंद्राच्या हातात काय आहे? माणसं. वरचं पाणी खणायला खालचीच माणसं जातात. हंगामाच्या तोंडावर जोड्या थांबवल्या तर सेरेसचा बर्फ जागच्या जागी राहतो. ऊसतोडीच्या संपाला वजन येतं ते कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी. एकदा टोळ्या फडात उतरल्या की बोलणं अवघड. माझ्या गेममध्ये उचल १८व्या टर्नला वाटली जायची आणि परिषद २६व्याला. म्हणजे वाटाघाटीला बसण्याआधी चंद्राने आपला हुकमाचा पत्ता पैसे घेऊन टाकून दिलेला असायचा. चुलतभाऊ म्हणाला ते खरंच होतं, आणि ते कुठल्या आकड्यामुळे नाही, टर्नच्या क्रमामुळे.

लगेच परिषद १६व्या टर्नला आणली आणि उचल १८व्यालाच ठेवली. एकच डाव झालाय. चंद्राने जोड्या अडवल्या, सेरेसने दोन टर्नमध्ये ५५ टाक्यांचा करार केला, पहिल्यांदाच पाणी बोलणी करून आलं. पुढच्या हंगामात मात्र मंगळाने आपल्या जोड्या कमी दरात सेरेसला दिल्या आणि संप पडला. तिथून प्रत्येक निकाल मंगळाच्या मर्जीवर. ज्याला पाण्याची टंचाई नाही तोच सगळ्यांचा न्याय करत बसला.

तर मदत हवी आहे ती अशी. मधल्या खेळाडूचं हे वजन कसं कमी करावं? त्याला खालच्यांशी बांधणारं काही द्यावं की फुटण्याची किंमत वाढवावी? मोजणीच्या आधी पाणी लपवण्यावर उपाय काय? मोजणीचा टर्न गुप्त ठेवायचा विचार केला, पण मग खालच्यांनाही तयारी करता येत नाही. तिसरं, उचलीची बाकी फिरत राहावी की ठरावीक हंगामांनी माफ व्हावी? माफ केली तर शेवटच्या हंगामात उचल द्यायला कुणी तयार होईल का? बाजारभावाचं सूत्र साधं आहे, मागणी भागिले साठा, आणि ते बरं चाललंय, त्यात सध्या हात घालायचा नाही.

दोन दिवसांनी भर घालतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईनं कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. साठ्याऐवजी येवा मोजा, ही सूचना मी काल रात्रीच घातली. आता २६ टर्नमध्ये टाकीत किती आलं ते मोजलं जातं, नंतर ते जहाजात भरलं काय नि सांडलं काय, हिशेबात धरलंच जातं. संगणकाविरुद्ध चार डाव चालवले, जहाजं बांधून मोडण्याची चाल बंद झाली.

जोडीच्या उचलीला दुसऱ्या खेळाडूने जामीन राहावं, ही कल्पनाही आवडली. मंगळाने चंद्राच्या जोड्यांना जामीन दिला असेल तर संप फोडताना त्याचेच पैसे बुडतात. पण जामीन द्यायला तो आधी तयार का होईल, हे मला अजून सुटलेलं नाही. यावर ज्यांचं डोकं चालतंय त्यांनी थांबू नका.

माफीबद्दल तीन मतं आली आणि तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून तिन्ही करून बघणार, प्रत्येकी दोन डाव. येत्या रविवारी छत्रपती संभाजीनगरला माझ्या खोलीवर बसतोय, सकाळी दहापासून. चुलतभाऊ येतोय, चंद्रच खेळतो म्हणाला. मंगळ खेळायला एक जण कमी आहे. जवळपासचं कुणी येऊ शकत असेल तर इथेच लिहा, नियमांची पानं आदल्या दिवशी पाठवतो.