मुंबई–टोकियो : जाताना पावणेआठ तास, येताना दहा. तुमचे अनुभव लिहा

लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबरात टोकियोला गेले, फेब्रुवारीत परतले. दोन्ही वेळा थेट विमान. जाताना पावणेआठ तासांत पोचले, येताना जवळजवळ दहा लागले. अंतर तेच, साधारण 6,750 किमी. आम्हा साठीच्या पुढच्यांना गोळ्या, जेवण, पायांची सूज सगळं या तासांवर बेतावं लागतं. कोणत्या महिन्यात गेलात, थेट की बदलून, किती वेळ लागला, नक्की लिहा.

निशीकासाईकर : ताई, हा वाऱ्याचा खेळ. साधारण दहा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो सर्वांत जोरात असतो, ताशी 300 किमीच्याही वर जातो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. 1920च्या दशकात जपानी हवामानतज्ज्ञ ओइशी वासाबुरो यांनी टोकियोजवळ फुगे सोडून तो मोजला, पण निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापले आणि बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. मला या माणसाबद्दल फार हळहळ वाटते.
आणखी एक. पृथ्वीगोलावर मुंबई ते टोकियो दोरा ताणला तर तो भूतान आणि पूर्व तिबेटवरून जातो. विमानं सहसा तिकडून नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच. म्हणून बंगाल, म्यानमार, दक्षिण चीन असा वळसा पडतो.

डोंबिवलीची मावशी : पैसे वाचवायला सिंगापूरमार्गे गेले. साडेपाच तास, मग पाच तास बसून, मग पुन्हा सात. गुडघे असे धरले की नातवाला पहिले दोन दिवस उचलता आलं नाही. वयस्कर माणसांसाठी थेटच घ्या, कळकळीने सांगते. (अवांतर : हापूस पिशवीतून नेऊ नका. माझे सहाही विमानतळावर काढून घेतले.)

दूरचा_लेक : माझा प्रवास मार्चमधला. बाबांना अर्धांगाचा झटका आल्याचा फोन आला तेव्हा इथे टोकियोत रात्रीचे दोन, घरी साडेदहा. नारिता विमानतळ शहरापासून साठेक किमी, आणि पहिली गाडी पहाटे पाचला. विमानात दहा तास फोन बंद. समोरच्या नकाशावर विमान म्यानमारवरून हलतच नाहीये असं वाटत होतं. मुंबईत उतरून फोन लावला, तो बाबांनीच उचलला. जीभ जड होती, पण ‘जेवलास का?’ विचारलं. त्यानंतर मी पारपत्र आणि थोडे रुपये दाराजवळच्या पिशवीत कायम ठेवतो.

आजी_झाले : दूरचा_लेक, बाबा आता कसे आहेत? उन्हाळ्यात हा वारा मंदावतो म्हणतात. जून-जुलैत येताना कुणाला किती तास लागले? मला पुन्हा जायचंय.