आरएक्स १००: मेन जेट मोठा टाकला तरी सिग्नलवर गचके खाते, जेटचे नंबर समजावा कोणीतरी

घाटकोपरचा_धूर:
मंडळी, वडिलांची यामाहा आरएक्स १०० बाईक दहा वर्षांनी रस्त्यावर काढलीये. एक्सपान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर) बसवलं, फिल्टरचा डबा काढून फोमचा कोन लावला. गॅरेजवाला म्हणाला हवा वाढली म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं पितळी भोक) मोठा हवा, आणि मेन जेट दोन नंबर वरचा टाकून मोकळा झाला. आता एलबीएस रोडवर सिग्नलवरून उचलताना गाडी गचके खाते, क्षणभर जीवच जातो, रेस सोडली की मागून फट फट. परत गेलो तर म्हणतो अजून एक नंबर वर जाऊ. आकडा मोठा म्हणजे भोक मोठं एवढंच ना? मग बदलायचा कुठला हे कसं कळतं?

परळचा_पाना:
अरे त्या मेन जेटला कशाला छळताय, ट्रॅफिकमध्ये त्याचा संबंधच येत नाही. सगळे इथेच फसतात, स्पीड वाढला की मेन जेट चालू होतो असं वाटतं, पण ते ठरतं थ्रॉटल, म्हणजे रेस, किती उघडलाय त्यावर. बंद ते पाव म्हणजे पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू (त्याची हवा कमीजास्त करणारा), पाव ते पाऊण कार्बमधली सुई, त्यापुढे मेन जेट. एलबीएसवर पाऊण थ्रॉटल कधी देता? पुढे रिक्षा असते.

ग्रिपवर आणि त्याच्या शेजारी कागदी टेप लावा, पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा. गचका कुठल्या खुणेवर येतो ते बघा आणि मगच पाना हातात घ्या. तुमची लक्षणं मला पायलटवर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतायत. चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढतं, तो थोडा ओढून चालवून बघा, सुधारली तर लीन नक्की, अजून भडभडली तर रिच (पेट्रोल जास्त).

कुर्ला_स्क्रॅप:
+१. आकड्यांचं पण ऐका. केहिन कंपनीच्या जेटवर १०० म्हणजे भोक १.०० मिमी. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा भोकाचा नसून त्यातून किती पेट्रोल जातं त्याचा. म्हणजे दोन कंपन्यांचे १०० एक नव्हेत. सीएसटी रोडवर डब्यातून "हाच बसतो" म्हणून देतात ना, तेव्हा कंपनी बघून घ्या. आणि केहिनमध्ये ९० चा १०० केला तर व्यास ११ टक्केच वाढतो पण भोकाचं क्षेत्रफळ २३ टक्के, म्हणून दहाच्या उड्या मारायच्या नाहीत.

अजून एक, जुन्या जेटमध्ये कोणी तार घातली असेल तर वरचा आकडा विसरा. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि आमच्याकडचे निम्मे मेकॅनिक सेफ्टी पिननेच साफ करतात 😡

डोंबिवली_फास्ट:
माझं मत वेगळं, आधी तो कोन काढून डबा परत लावा. मुंबईच्या पावसात फोम भिजला की हवा अडते, गाडी रिच होते, आणि ज्या जेटसाठी एवढी खटपट केली त्याचा हिशोबच बदलतो. टू स्ट्रोक आहे भावा, रिच असेल तर फक्त धूर आणि ॲव्हरेज जाईल, लीन राहिली तर पिस्टन चिकटेल.

घाटकोपरचा_धूर:
टेपचा जुगाड भारी! गचका पावच्या आतच येतो, चोक ओढला की गायब. पण एअर स्क्रू किती फिरवू काका?

परळचा_पाना:
इंजिन गरम करून, आयडल स्थिर ठेवून. तुमच्या कार्बला स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, आत फिरवला की हवा कमी म्हणजे रिच. (इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बमध्ये उलटं, तिथे तो पेट्रोल मोजतो, बाहेर काढला की रिच.) हलकेच पूर्ण बंद करून बाहेर मोजा. एका फेऱ्याच्या आतच गाडी नीट चालत असेल तर पायलट एक नंबर मोठा घ्या. अडीचच्या वर जावं लागलं तर छोटा.

मेन जेट मात्र फुल थ्रॉटलवर स्पार्क प्लग बघितल्याशिवाय ठरवू नका. फुल रेसवर नेऊन क्लच दाबायचा आणि इंजिन बंद, दोन्ही एकदम, मग प्लग काढायचा. सफेद कोरडा निघाला तर लीन, काळा ओला तर रिच.

घाटकोपरचा_धूर:
स्क्रू अर्ध्या फेऱ्यावर आला, पायलट मोठाच लागणार. प्लगसाठी फुल रेस कुठे देऊ पण? फ्रीवेवर बाईक बंद, सी लिंक बंद, अटल सेतू बंद 😅

कुर्ला_स्क्रॅप:
पनवेलच्या पुढे जुना हायवे, रविवारी पहाटे, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर. टॉप गिअर लागत नाही, लोड पाहिजे फक्त. प्लगचा पाना आणि हातमोजा घेऊन जा, मी एकदा उघड्या हाताने काढायला गेलो होतो.