अनुभव धागा: शेवटी कोण मरणार, हे आधीच कळलं होतं का?

२६ एप्रिल २०१९, शुक्रवार. सांगलीत मंगळवारीच लोकसभेचं मतदान झालेलं, त्यामुळे थेटरात पॉपकॉर्नचा डबा धरलेल्या बहुतेक डाव्या हातांवर शाई. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’च्या शेवटच्या लढाईत जादूगार डॉक्टर स्ट्रेंज टोनी स्टार्ककडे, म्हणजे आयर्न मॅनकडे, बघून एक बोट वर करतो. १,४०,००,६०५ शक्यतांपैकी जिंकायची ती हीच एक, असं सांगणारं बोट. मागच्या रांगेतून आवाज आला, “मतदान करून आलाय बघा!” अख्खं थेटर हसलं, आणि पुढच्या दोन मिनिटांत चिडीचूप झालं.

टोनी जाणार हे मला मात्र पहिल्या अर्ध्या तासातच कळलं होतं. तळ्याकाठी घर, गोड पोरगी, सुखी संसार... हिंदी पिक्चरमध्ये निवृत्तीला आठवडा राहिलेला हवालदार जसा गेलाच म्हणून समजायचं, तसं. तरी रडलो. तुमचं काय झालं? कळून रडलात, न कळता रडलात, की फसवल्यासारखं वाटलं? गाव लिहा, नाव नको.

शाहूपुरी, सातारा

आमचा किस्सा आदल्या वर्षीचा, ‘इन्फिनिटी वॉर’चा. स्पायडरमॅनची टोनीच्या मिठीत राख झाली आणि आमची आठ वर्षांची धाकटी जी रडायला लागली ती पोवई नाक्यापर्यंत. आईस्क्रीमने थांबेना, दटावून थांबेना. शेवटी चौदा वर्षांचे थोरले चिरंजीव म्हणाले, “अगं, त्याचा पुढचा पिक्चर ठरलाय. पुढच्या जुलैत. आणि ब्लॅक पँथर फेब्रुवारीत केवढा चालला! दुभती म्हैस कोण कापतं का?”

धाकटी त्याच क्षणी गप्प झाली. डोळे पुसले आणि मला विचारलं, “मग मी उगाच रडले?”

याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचलेलं नाही. एंडगेमला ती अजिबात रडली नाही. टोनी गेला तेव्हा माझ्या कानात म्हणाली, “याचा पुढचा कधी आहे?”

मिरज

सगळे टोनी टोनी करतात. नताशाचं, म्हणजे ब्लॅक विडोचं, कुणी बोलतच नाही.

वॉर्मिर नावाच्या ग्रहावर जीव दिल्याशिवाय रत्न मिळत नाही, हे आदल्या पिक्चरमध्ये गमोरा गेली तेव्हा सगळ्यांनी बघितलेलं. तिथे ती आणि हॉकआय असे दोघं पोचले, आणि त्यातला एक बायको-पोरांचा धनी. मग कोण जाणार हे काय सांगायला हवं? घरातली बिनलग्नाची आत्या जाणार. आमच्याकडे होती तशी. भावांची शिक्षणं, भाच्यांची बाळंतपणं, आजीचं अंथरूण, सगळं तिने काढलं. गेली तेव्हा “तिचं मागे कोण आहे” म्हणत सगळं तीन दिवसांत आटोपलं. तिच्या ट्रंकेत आम्हा भावंडांच्या पहिल्या इयत्तेतल्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा निघाला, सुतळीने बांधलेला.

टोनीसाठी पाण्यावर सोडलेली फुलं, काळ्या कपड्यांतली सगळी मंडळी. नताशासाठी काठावर पाच जण, चार वाक्यं, की लगेच कामाला. नंतर २०२१ मध्ये तिच्या नावाचा वेगळा पिक्चर काढला म्हणे. मी बघितला नाही.

विटा

तीन तास एक मिनिटाचा पिक्चर. शेतात पाणी पाजून रात्रीचा जागा होतो, मध्येच डोळा लागला. उठलो तर सगळे नाकं ओढतायत. बायकोला विचारलं, “कोण गेलं?” घरी पोचेपर्यंत बोलली नाही.

कराड

२०१७ चा ‘लोगन’, म्हणजे वुल्व्हरिनचा पिक्चर. ह्यू जॅकमनने आधीच सांगितलं होतं की हा शेवटचा, त्यामुळे अंदाज बांधायचा प्रश्नच नव्हता. मी वेगळ्याच कारणाने बसलो होतो. घरी वडिलांचं विसरणं तेव्हा फार वाढलेलं. गोळी गालात धरून ठेवायचे, मी वळलो की उशीखाली थुंकायचे. पडद्यावर लोगन त्या म्हाताऱ्या प्रोफेसरला औषध देतो, शिव्या खातो, उचलून गाडीत बसवतो. सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये असलं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. शेवटी त्याची मुलगी त्याच्या थडग्यावरचा क्रूस उपटते आणि आडवा करून त्याचा ‘एक्स-मेन’वाला ‘एक्स’ करते. मी बाहेर येऊन बराच वेळ गाडीला किल्लीच लावली नाही.

वडील पुढच्या वर्षी गेले. रक्षा प्रीतिसंगमावर सोडली.

मग २०२४ च्या जुलैत ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’. सुरुवातीलाच डेडपूल ते थडगं उकरतो आणि लोगनच्या हाडांनी मारामारी करतो. थेटर टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणलं. विनोद झकास होता, मीही हसलो. खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात बातमी आली की टोनीचं काम करणारा डाउनी आता डॉक्टर डूम नावाचा खलनायक होऊन परत येतोय. म्हणजे इथून पुढे कुणीही मेला तर मी चप्पल घालून निघायला मोकळा.

गावभाग, सांगली

काय राव, आधी कळलं की मजा जाते? या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षकांत कुणाला माहीत नव्हतं? अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी हौशी नाटकांत तीस वर्षं मरतोय. पडदा पडला की उठून चहा पिणार, हे समोरच्याला माहीत असतं, तरी रडतो. एकदा मेल्यावर नाकावर डास बसला. हलता येईना. आईचं काम करणाऱ्या बाईंनी आक्रोश करता करता पदराने हाणला. तिसऱ्या रांगेतून हुंदका ऐकू आला, अगदी खरा. कराडकरांचं दुःख समजतं, पण मेलेला उठला म्हणून नाटक पडत नाही. मेलेला नीट मेला नाही की पडतं.

कुपवाड

वडिलांना पिक्चरचा नाद नाही. चाळीस वर्षं लोखंडात गेली, आधी गावात भाता-ऐरण, मग एमआयडीसीत वेल्डिंगचं शेड. एंडगेमला मी ओढून नेलं. भाषा कळेना, पण लोखंडी सूटवाला आवडला. “कारागीर हाय ह्यो,” म्हणाले.

तो मेला तेव्हा काहीच बोलले नाहीत. पाट्या सुरू झाल्यावर मी त्यांना धरून बसवलं, कारण या पिक्चरांत शेवटी पुढच्या भागाची एक झलक असते. पण काही दाखवलंच नाही. काळ्या पडद्यावर नुसता आवाज, ठण्, ठण्, ठण्. पोरं वैतागून उठली. मी वडिलांना सांगितलं की २००८ च्या पहिल्या पिक्चरमध्ये त्याने गुहेत कोंडलेला असताना पहिला सूट ठोकून केला होता, त्याचा हा आवाज.

“न्हवं, ते कळलं मला,” म्हणाले. दिवे लागले, झाडूवाला आला, तरी तसेच बसून. शेवटी मीच म्हटलं, चला. गाडीवर मागे बसल्यावर बोलले. काम झालं की तापलेलं लोखंड पाण्यात घालतात, त्याचा चर्र आवाज येतो. ते त्याची वाट बघत बसले होते.