मुंबईत घडणाऱ्या रहस्यकथांत मुंबई नेमकी किती असते?

बोरिवलीकर (प्रश्न)

वाचायच्या पुस्तकांची यादी मी बरीच वर्षे एका वहीत ठेवत आलो आहे. त्या यादीतील रहस्यकथा दरवेळी मागे पडत असत, म्हणून यंदाच्या पावसाळ्यात बोरिवली ते चर्चगेट या रोजच्या प्रवासात केवळ त्याच वाचायच्या असे ठरवले आणि सुरुवात मुंबईत घडणाऱ्या कथांपासून केली. एच. आर. एफ. कीटिंग यांची १९६४ ची 'द परफेक्ट मर्डर', सुजाता मॅसी यांची २०१८ ची 'द विडोज ऑफ मलबार हिल' आणि वसीम खान यांची २०२० ची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' अशा तीन कादंबऱ्या आतापर्यंत वाचून झाल्या आहेत.

तिन्ही आवडल्या, तरी एक शंका मनातून जात नाही. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर घोटे वरिष्ठांसमोर दबणारा, पण हातातला धागा न सोडणारा असा लोभस माणूस आहे. मात्र त्याला उचलून दुसऱ्या एखाद्या उकाड्याच्या शहरात ठेवले तर तपासात फारसा फरक पडेल, असे मला वाटले नाही. खान यांच्या कादंबरीत ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री एका ब्रिटिश मुत्सद्द्याचा खून होतो आणि तपास पर्सिस वाडिया या तरुण पारशी महिला इन्स्पेक्टरकडे येतो. तेथे फाळणीच्या जखमा कथेत खोलवर उतरल्या आहेत, पण त्या जखमा एकट्या मुंबईच्या नव्हेत. शहर हे केवळ नेपथ्य न राहता उकलीचाच भाग झाले आहे, अशा रहस्यकथा आपल्या वाचनात आल्या आहेत का? मुंबईबाहेरच्याही चालतील. खुनी कोण हे मात्र कृपया कोणी सांगू नये.

गिरगावकर

आपण मॅसी यांच्या कादंबरीचे नाव घेतलेत आणि तिच्याविषयी काहीच लिहिले नाहीत, याचे आश्चर्य वाटले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. कथा १९२१ सालच्या मुंबईतील आहे. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा मलबार हिलवरील बंगल्यात पडद्यात राहतात आणि तिघीही आपल्या मेहेरवरील (निकाहात पतीने पत्नीला देऊ केलेल्या रकमेवरील वा मालमत्तेवरील) हक्क सोडून तो वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देत असल्याचे कागद वकिलांकडे येतात. परवीन मिस्त्री वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर आहे. त्या सह्या पाहून तिला संशय येतो. आणि त्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलणे केवळ तिलाच शक्य असते, कारण पुरुष वकिलाला किंवा पोलिसाला जनानखान्यात प्रवेश नाही. रहस्यकथांमध्ये आतून कडी लावलेल्या खोलीतील खून हा जुना प्रकार आहे. येथे ती कडी रिवाजाची आहे आणि तिची किल्ली एका पारशी स्त्रीच्या हाती आहे.

काळाचाही विचार करावा. स्त्रियांना वकिली करता येईल असा कायदा १९२३ मध्ये झाला. त्याआधी परवीनसारखीला न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याची सोय नव्हती. त्यामुळे तिच्या वाट्याला दस्तऐवज आणि अशिलांच्या भेटी एवढेच काम येते, आणि कथा नेमकी दस्तऐवजातूनच उलगडते. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला, मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर, आणि पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणे हेच पुढे त्यांचे मोठे कार्यक्षेत्र ठरले. मिश्र वस्तीच्या, व्यापारी पेढ्यांच्या आणि प्रत्येक समाजाला वेगळा वैयक्तिक कायदा लागू असलेल्या या शहराबाहेर ही कथा जमली असती, असे मला तरी वाटत नाही.

मुलुंडकर

कीटिंग यांच्यावर थोडा अन्याय झाला आहे. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या अमेरिकेतील प्रकाशकांना फारच ब्रिटिश वाटत, म्हणून त्यांनी मुंबईचा इन्स्पेक्टर निर्माण केला. ते स्वतः मुंबईत प्रथम आले ते घोटेच्या जन्मानंतर सुमारे दहा वर्षांनी. त्यामुळे रस्ते, घाम आणि गर्दी यांची वर्णने ऐकीव वाटतात, हे मान्य. परंतु 'परफेक्ट' हे कादंबरीतील एका पारशी सेक्रेटरीचे आडनाव आहे, आणि बाटलीवाला, इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर अशी आडनावे रोजच्या ओळखीची आहेत त्या शहरातच हा विनोद सहज खपतो. शीर्षकापुरती का होईना, मुंबई तेथे आहे!

मात्र लेखक दूर राहतो म्हणून शहर उणे पडते, असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. बंगाली रहस्यकथांतील 'सत्यान्वेषी' म्हणजे गुप्तहेर व्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईत आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी त्यांनी लेखन केले आणि १९५२ मध्ये ते पुण्याला राहायला गेले. व्योमकेशाच्या उत्तरकाळातील कितीतरी कथा त्यांनी पुण्यात लिहिल्या, तरीही कलकत्ता जराही फिकट झालेले नाही. बहुधा आधी शहर अंगवळणी पडावे लागते. मग ते सोडले तरी चालते. कीटिंग यांच्या बाबतीत क्रम उलटा झाला.

आपल्याला हवे ते उदाहरण मात्र शरदिंदूंच्या मुंबईपूर्व काळातील आहे. १९३२ च्या 'पथेर कांटा' या कथेत कलकत्त्याच्या रस्त्यांवर चालती माणसे ग्रामोफोनची पिन छातीत घुसून मरतात, आणि भोवती एवढी वर्दळ असूनही कोणी काही पाहिलेले किंवा ऐकलेले नसते. उकल सांगत नाही. एवढेच म्हणतो की तो खून सुनसान रस्त्यावर करताच आला नसता, कारण तेथे गर्दी हीच खुन्याची ढाल आहे. आपल्यापैकी अनेकांना हा सत्यान्वेषी १९९३ च्या दूरदर्शन मालिकेमुळे परिचित आहे, पण कथा वाचताना रस्त्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो.

माहीमकर

मुंबईबाहेरचे उदाहरण हवे असल्यास केइगो हिगाशिनो यांची २००५ ची जपानी कादंबरी 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' वाचावी. खून कोणी केला हे वाचकाला आरंभीच कळते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवण्यासाठी नेमके काय करतो, हे कोडे अखेरपर्यंत टिकते. पहिल्याच प्रकरणात तो घरापासून शाळेपर्यंत नदीकाठाने चालत जातो. मी ती पाने आपण चाळतो तशी चाळली होती. पुस्तक संपल्यावर तेवढेच प्रकरण पुन्हा वाचले आणि स्वतःच्या बेसावधपणाची लाज वाटली. याच कादंबरीवरील 'जाने जां' हा २०२३ चा हिंदी चित्रपट कालिम्पोंगमध्ये घडतो. त्यामुळे शहर बदलूनही कोडे टिकते का, हे ज्याचे त्याने पडताळून पाहता येईल. माझ्या मते टिकते, पण ती नदीकाठची वाट हरवते.

दादरकर

माझ्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांवर दिवस काढले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची झुंजार आणि काळा पहाड या नायकांची पुस्तके वाचनालयातून आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी बदलायची, असा आमचा क्रम असे. त्यांत शहर किती, हा प्रश्न तेव्हा पडला नाही आणि खरे सांगायचे तर आज मुद्दाम पाडून घ्यावा असेही वाटत नाही. वेग हेच तेथे सर्वस्व होते.

बोरिवलीकर

सर्वांचे आभार. गिरगावकरांचे म्हणणे मान्य आहे. मॅसी यांचे पुस्तक मी तपासाच्या घाईत वाचले आणि सह्यांचा भाग हवा तितका लक्ष देऊन वाचला नाही. ती प्रकरणे या आठवड्यात पुन्हा वाचतो. व्योमकेश आणि हिगाशिनो वहीत लिहून घेतले आहेत. दादरकरांना एकच विनंती आहे: अर्नाळकरांच्या एवढ्या पुस्तकांपैकी पहिले कोणते घ्यावे, तेवढे कळवावे, कारण शनिवारी मी दादरला वाचनालयात जाणार आहे.