द ब्रायच्या कोरीवचित्रांतील अमेरिकी मूलनिवासी ग्रीक पुतळ्यांसारखे का दिसतात?

प्रश्न

कोरीवकार आणि प्रकाशक थिओडोर द ब्राय याने 1590 मध्ये फ्रँकफुर्टहून प्रसिद्ध केलेली व्हर्जिनियाच्या मूलनिवाशांची चित्रे मी गेले काही दिवस पाहत आहे. त्यांतील पुरुषांचे दंड, पोटऱ्या आणि एका पायावर भार देऊन कंबर किंचित वळवून उभे राहण्याची ढब थेट प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांची आठवण करून देते. द ब्राय स्वतः अमेरिकेत कधीही गेला नव्हता, असे वाचले. मग त्या लोकांचा पेहराव, केशरचना आणि घरे यांविषयीचा पुरावा म्हणून या चित्रांवर कितपत विसंबावे?

प्रतिसाद 1

सुदैवाने व्हर्जिनियाच्या बाबतीत मूळ चित्रे उपलब्ध आहेत. जॉन व्हाइट हा इंग्रज चित्रकार 1585 च्या मोहिमेबरोबर रोआनोक बेटावर, म्हणजे तेव्हा व्हर्जिनिया म्हटल्या जाणाऱ्या आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गेला होता आणि तेथील अल्गोंक्वियन भाषक लोकांची त्याने केलेली जलरंगचित्रे 1866 पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याआधीच्या वर्षी लिलावगृहाला लागलेल्या आगीच्या वेळी हे कागद पाण्याने भिजले आणि रंगांचे ठसे समोरच्या कोऱ्या पानांवर उमटले; त्यामुळे आज दिसणारे रंग मुळात अधिक गडद होते, हे लक्षात ठेवूनच ती पाहावी लागतात.

आपण पोमेऑक गावच्या प्रमुखाच्या पत्नीचे चित्र घ्यावे. व्हाइटने तिला कोऱ्या कागदावर उभे केले आहे. तिच्या एका हातात भोपळ्याचे भांडे आहे, दुसरा हात तिने गळ्यातल्या लांब माळेत झोळीसारखा अडकवून ठेवला आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या लहान मुलीच्या हातात इंग्रजी पोशाख घातलेली बाहुली आहे. माळेत हात टेकवण्याची ही सवय कोणी कल्पनेने रचणार नाही. ती पाहणाऱ्यानेच टिपलेली आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरताना द ब्रायच्या कार्यशाळेने हे तपशील बहुतांशी राखले, पण शरीरे भरदार केली, चेहरे युरोपीय वळणाचे केले आणि मागे निसर्गदेखावा जोडला. म्हणून माझे मत असे, की वस्तू आणि पेहराव यांसाठी ही कोरीवचित्रे व्हाइटशी ताडून वापरावीत. चेहरा आणि देह यांसाठी मात्र वापरू नयेत.

प्रतिसाद 2

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु ते द ब्रायच्या फ्लोरिडावरील ग्रंथाला लागू करू नये, अशी कळकळीची विनंती. 1591 च्या त्या ग्रंथामागे झाक ल म्वान या फ्रेंच चित्रकाराचे काम असल्याचे सांगितले जाते. तो 1564 मध्ये फ्लोरिडातील फोर्ट कॅरोलाइन या फ्रेंच किल्ल्यावर गेला होता. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सैन्याने तो किल्ला जिंकला आणि ल म्वान जेमतेम जीव वाचवून निसटला. त्याच्या मृत्यूनंतर द ब्रायने त्याच्या विधवेकडून साहित्य मिळवले. व्हाइटच्या चित्रांप्रमाणे ताडून पाहायला येथे मूळ संच हाताशी नाही, आणि चित्रांतील चुका बोलक्या आहेत. फ्लोरिडाचे मूलनिवासी टिमुकुआ लोक ‘काळे पेय’ हे त्यांचे विधींतले पेय पितानाच्या दृश्यात पेल्यांच्या जागी नॉटिलसचे शंख दिसतात. हा प्राणी हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतला. तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सापडत नाही. काही योद्ध्यांच्या हाती तर ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांची गदा आहे. युरोपातल्या संग्रहांतील वस्तू पाहून कोरणाऱ्याने रिकाम्या जागा भरल्या, असेच यातून दिसते.

ही सरमिसळ द ब्रायच्या पुष्कळ आधीची आहे. पवित्र रोमन सम्राट मॅक्सिमिलियनच्या ‘विजययात्रा’ या चित्रमालिकेसाठी जर्मन चित्रकार हान्स बुर्कमायरने लाकडी ठशांची चित्रे केली, त्यांत ‘कालिकतचे लोक’ म्हणून दाखवलेल्या माणसांत पिसांचे झगे घातलेले आणि मक्याची कणसे घेतलेले लोकही आहेत. पिसांचा झगा म्हणजे दूरदेशीचा माणूस, एवढाच अर्थ त्या काळी उरला होता. तो कोणत्या किनाऱ्यावरचा, हे विचारण्याची गरज चित्रकाराला वाटली नाही. या लोकांवर झालेला हा अन्याय मला चेहरे बदलण्याहून मोठा वाटतो, कारण त्यात शेकडो भिन्न समाजांचा एकच समाज झाला.

प्रतिसाद 3

प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांत जर्मन कलाकार क्रिस्टोफ वाइडिट्झचा उल्लेख राहून जाऊ नये. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसने स्पेनला आणलेले मेक्सिकोचे लोक त्याने 1529 च्या सुमारास चार्ल्स पाचव्याच्या दरबारात पाहिले. पाठीवर उताणे झोपून पायांवर लाकडाचा ओंडका फिरवणारा माणूस आणि नितंबांनी रबरी चेंडू टोलवणारे दोन खेळाडू त्याने रेखाटले. आपले कसब दाखवत असलेली ही माणसे आहेत, असे ती चित्रे पाहताना जाणवते. अर्थात, दरबारापुढे खेळ करून दाखवण्यासाठी त्यांना घरापासून इतक्या दूर आणले होते, हेही त्याच चित्रांत आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पोमेऑकची दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली. कोरीवचित्रात मुलीच्या एका हाती बाहुली आहे आणि दुसऱ्या हाती खुळखुळा आला आहे. इंग्लंडहून आणलेल्या बाहुल्या या मुलींना फार आवडतात, असे व्हाइटबरोबर त्याच मोहिमेत असलेल्या टॉमस हॅरियटने सोबतच्या मजकुरात नोंदवले आहे. म्हणजे बाहुली खरी आहे. खुळखुळ्याचा उगम कोठे, हे आता शोधायला घेतो.