आबांचा हिशेब

कुणी कुणी म्हणतं की सत्ताधारी पक्षात गेल्याशिवाय मतदारसंघ टिकत नाही. मग सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं, म्हणजे आबांचं, काय? १९६२ पासून ११ वेळा आमदार, सगळ्या निवडणुका शेतकरी कामगार पक्षाच्याच (शेकाप) तिकिटावर. मंत्रिपद मिळालं ते १९७८ आणि १९९९ च्या आघाडी सरकारांत, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर.

पडलेही दोनदा, १९७२ आणि १९९५ ला. पैकी १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून, तेही अवघ्या १९२ मतांनी! २०१९ ला आबा स्वतः उभे नव्हते. नातू अनिकेत ७६८ मतांनी पडले, समोर पुन्हा शहाजीबापूच. (व्हायरल झालेल्या ‘काय झाडी’ फोन संवादातले तेच.) २०२४ ला दुसऱ्या नातवानं, बाबासाहेबांनी, जागा परत आणली. शेकापकडूनच.